फुटकं कौल

परंदवडीच्या रखमाजींचं बुबुळ धुरकटलं, तेव्हा डॉक्टरांनी त्याच्या आतल्या बाजूला नवा पातळ पडदा बसवला. तो चिकटावा म्हणून डोळ्यात हवेचा बुडबुडा सोडला आणि तीन दिवस घरी उताणं पडून छताकडे बघायला सांगितलं.

छताचं एक कौल फुटलंय, असं त्यांच्या पत्नी नंदाबाई चार वर्षं सांगत होत्या. "काय बी फुटलं न्हाई," हे रखमाजींचं ठरलेलं उत्तर.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांचा फोन आला. "आबा, वर काय दिसतंय? दिसत नसेल तर पुन्हा हवा भरू. आणखी तीन दिवस उताणं."

नंदाबाई उशाशी बसून पदराआड हसत होत्या. रखमाजींनी एकदा तिरक्या नजरेनं त्यांच्याकडे, मग छताकडे बघितलं.

"दिसतंय," शेवटी ते म्हणाले. "एक कौल फुटलंय. पर परवापर्यंत धड व्हतं."