कडीखालची चांदी

मित्रांनो, मी एक जुना भाला आहे. किती जुना, हे मलाही ठाऊक नव्हते. लोहार काही जन्मतारीख लिहून ठेवत नाहीत. मला लढाईसाठी नव्हे, मिरवण्यासाठी घडवले होते. अंगभर चांदीच्या तारेची नक्षी होती. ओझरजवळच्या आमच्या गावात खंडोबाच्या पालखीपुढे मी चालायचो आणि वर्षभर भाल्याचा मान असलेल्या देवरामच्या घरी राहायचो.

देवराम कारखान्यात कामाला होता. मी दांड्यात डुगडुगू लागलो, तेव्हा त्याने तिथल्या लेथ यंत्रावर पोलादी कडी कातून माझ्या मानेवर घट्ट बसवली. त्याच वर्षी चिमणाबाई लग्न होऊन घरात आल्या. सासूबाई मला नुसते तेल लावत. यांनी मात्र दर दसऱ्याला चिंच आणि राख लावून लख्ख घासायला घेतले. चाळीस वर्षांत नक्षी पार निघून गेली. मला कधी राग आला नाही. इतक्या मायेने कोण कुणाला घासते?

देवराम वारला आणि पारावर त्याच्याच वयाचा गोटीराम म्हणाला, "लहानपणी मी पाहिलेल्या भाल्यावर नक्षी होती. हा दुसराच हाय. खरा देवरामनं विकला." गावाने ते उचलून धरले. चिमणाबाईंनी देवळात जाणे सोडले. मला फार वाईट वाटले.

शेवटी त्यांनीच नाशिकहून जुन्या शस्त्रांच्या जाणकार सुवर्णाताईंना बोलावले. अंगणात सगळे जमले. ताईंनी भिंग लावले.

"पात्यावर काहीच खूण नाही. कडी तर यंत्रावरची आहे."

"कडी आमच्या ह्यांनी बसवली," चिमणाबाई म्हणाल्या. "ती काढून बघा. तिच्याखाली माझा हात कधी पोचला नाय."

कडी निघाली. खाली बोटभर चांदीची वेल जशीच्या तशी होती, हाताने ठोकून बसवलेली.

"अस्सल आहे," ताई म्हणाल्या. "दोनशे वर्षांचा तरी असेल. ही कडी नसती तर मला सांगताच आलं नसतं."

गोटीराम खाली मान घालून पुढे आला. "वहिनी, चुकलो मी."

"मला नका सांगू. आत फोटो हाय त्यांचा, त्यांना सांगा."

चपला काढून तो आत गेला.

मित्रांनो, मी आजही पालखीपुढे चालतो, ते देवरामच्या हातामुळे आणि चिमणाबाईंच्या हिमतीमुळे. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. जुन्या वस्तू घासण्याआधी जाणत्याला विचारा. आणि त्या जपणाऱ्या माणसांवर संशय आला, तर त्यांनाही वेळेवर विचारा. माणसांना माझ्यासारखी दोनशे वर्षे मिळत नाहीत.