बोयाच्या वरची हिरवी पाटी

मित्रांनो, मी पत्र्याची एक साधी पाटी आहे. माझ्यावर एकही अक्षर नाही, फक्त एक चित्र आहे: हिरव्या रंगावर एक पांढरे कडे आणि त्याला लोंबणारा दोर. समुद्रात कोणी पडला, तर माझ्याखालचा बोया, म्हणजे दोर बांधलेले तरंगते कडे, काढून त्याच्याकडे फेकावा, एवढाच माझा अर्थ. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही मी समजेन, असे मला घडवणाऱ्यांना वाटले. मलाही तसेच वाटले.

बांगलादेशातल्या संदीप बेटाच्या लाँचवर मला ठोकले, तेव्हा मी नवी कोरी होते. खलाशी मोसलेहउद्दीन रोज सकाळी मला ओल्या फडक्याने पुसत. लवकरच माझ्याखाली गर्दी होऊ लागली. लोक माझ्याकडे बघत, मान डोलावत, आणि बोयाच्या दोराला आपली बोकडे बांधत. ती सुटू नयेत म्हणून मोसलेहउद्दीन यांनी तो दोर कठड्याला पक्की गाठ मारून बांधला होता. मला मोठा अभिमान वाटे. आपल्याला मान आहे, असे मी समजत होते.

मग एका वर्षी, बकरी ईदच्या आठ दिवस आधी, मोसलेहउद्दीनची मुलगी रेहनुमा वही घेऊन आली. ती चट्टग्राम शहरातल्या कॉलेजात शिकत होती. जलवाहतूक कचेरीने तिला सुट्टीत काम दिले होते: पन्नास उतारूंना लाँचवरची अशी चित्रे दाखवून अर्थ विचारायचा.

"नानी, हे काय आहे?" तिने एका म्हातारीला विचारले.

"कासरा. दिसत नाही? जनावर इथे बांधा म्हणतात."

"काहीतरीच! जिलबी आहे ती," शेजारचा म्हणाला. "एक टोक सुटलंय. खाली दुकान निघणार बघ."

"तुला मेल्या सगळीकडे खाणंच दिसतं."

सगळे हसले. पन्नासांपैकी सहा जणांनी बरोबर सांगितले, आणि त्यातले चार खलाशी होते. माझा पत्रा आतून थंड पडला.

रेहनुमा वडिलांकडे गेली. "आब्बा, हा दोर आजच मोकळा करा."

"अगं माय," ते म्हणाले. आमच्याकडे बाप लेकीला आई म्हणूनच हाक मारतो. "सणाचे दिवस आहेत. बोकडं सुटली तर लोक माझ्याच अंगावर येतील. ईद होऊ दे, मग सोडतो."

"आणि तोवर कोणी पडलं तर?"

"वीस वर्षांत कोण पडलंय? हात बघ माझे. मी मारलेली गाठ वादळातही सुटत नाही."

ती हसली आणि वही मिटून घरी गेली.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी लाँच बेटासमोर थांबली. पुढे चिखल असल्याने उतारूंना लहान होड्यांत उतरवावे लागते. मोसलेहउद्दीन फळी सरकवत होते. लाट आली, होडी हलली, फळी निसटली आणि ते लाँच आणि होडी यांच्या मधल्या पाण्यात पडले. ओहोटीची ओढ जोराची होती.

"बोया! बोया फेका!" लाँच चालवणारा तोबारक सारंग ओरडला.

माझ्याखाली तिघे उभे होते. तिघेही पाण्याकडेच बघत राहिले. सारंग धावत आला. चौदा बोकडांनी ओढून दोर कठड्याशी करकचून आवळला होता, आणि गाठी भिजल्या होत्या. त्याने नखांनी, दातांनी प्रयत्न केला. शेवटी कुणीतरी सुरी दिली. दोर कापून नुसते कडे फेकले, तोवर पाण्यावरचे त्यांचे डोके फार लांब गेले होते. दुसऱ्या दिवशी मोसलेहउद्दीन यांचा देह चिखलात सापडला.

ईद झाल्यावर रेहनुमा आली. वही तिच्या हातात होती.

"तोबारक चाचा, गाठ कुणी मारली होती?"

"कशाला विचारतेस, माय?"

"लिहायचं आहे."

"तुझ्या आब्बांनीच."

तिने ते लिहिले, तारीख घातली आणि वही कचेरीत दिली. अजून उत्तर आलेले नाही.

आता दर शुक्रवारी लाँच सुटण्यापूर्वी ती माझ्याखाली उभी राहते. बोया काढते, पाण्यात फेकते, नव्या दोराने परत ओढते. परवा बदकांची टोपली घेतलेला एक माणूस थांबला.

"असं होय! मग हे आधी सांगायचं की हो, ताई."

"हो," ती म्हणाली. "आधी सांगायला हवं होतं."

मित्रांनो, तुमच्याकडच्या धक्क्यावर, बोटीवर अशी मुकी चित्रे असतीलच. शेजारी उभा असेल त्याला एकदा विचारा, तुला यात काय दिसते? त्याचे उत्तर चुकले तर हसू नका, चूक बहुधा चित्राचीच असते. आणि चूक कळली, तर ती त्याच दिवशी दुरुस्त करा.