अकराचं बटण

"हौशी लोकांना प्रत्येक भुंगेरा मोठाच दिसतो."

हे वाक्य माझ्या बायकोच्या फोटोखाली लिहिलं होतं. लिहिणाऱ्याचं नाव नाही, नुसतं 'परीक्षक'. मी त्याला भुंगेराव म्हणायला लागलो. त्याच्यासाठी माझ्याकडे आणखीही नावं होती, पण घरात मुलगी असते.

बायको जाऊन चार महिने झाले. मी शिंपी आहे. चाळीस वर्षं पांढरे कोट शिवतोय, दवाखान्यांचे आणि प्रयोगशाळांचे, जोडीला शर्ट. तिला शिवणाचं वावडं होतं. तिला किडे आवडायचे. पन्नाशी उलटल्यावर हे वेड लागलं. मुलीने तिला एक साइट दाखवली. तिथे कुणीही किड्याचा फोटो टाकायचा, जाणकारांनी तो कुठल्या जातीचा ते सांगायचं आणि परीक्षकाने मान्य केलं की ती नोंद शहराच्या यादीत जायची. झालं. पाण्याच्या टाकीमागच्या मोकळ्या जागेत ही रोज सकाळी ओणवी. शेजारीण मला विचारायची, "भावजी, काय हरवलंय हो तुमचं, वहिनी रोज शोधतात ते?"

फोटोत किडा केवढा ते कळत नाही. म्हणून ती माझ्या डब्यातलं शर्टाचं बटण दोऱ्याला बांधून किड्याशेजारी ठेवायची. बटण अकरा मिलिमीटरचं. साइटवरच्या तिच्या पानावर तिने तसं लिहूनच ठेवलं होतं, 'फोटोतलं बटण ११ मिमी.' तिथे तिला सगळे बटणवाली म्हणायचे. या नावाचा तिला इतका अभिमान होता की मी एकदा हसलो तर दिवसभर बोलली नाही.

तिचा शेवटचा फोटो टाकीमागे पडलेल्या कुजक्या खोडावरचा. काळा भुंगेरा, खांद्यावर तांबडा डाग. या किड्याच्या दोन जाती. दिसायला अगदी सारख्या, फरक फक्त आकाराचा. लहान जात दहा-बारा मिलिमीटर, कुठेही सापडते. मोठी पंधराच्या पुढे, आणि ती शहरात कुणालाच सापडली नव्हती. हिने लिहिलं, मोठी जात. दवाखान्यात भरती केल्यावर तिसऱ्या दिवशी भुंगेरावाचं उत्तर आलं. 'बटणाच्या हिशोबाने किडा १२ मिमी. लहान जात. सामान्य.' आणि खाली ते वाक्य.

तिने ते दोनदा वाचलं आणि फोन उपडा ठेवला.

"अहो, मोठा होता तो. माझ्या अंगठ्याच्या नखाहून मोठा. मी पाहिलाय ना."

"असू दे आता," मी म्हणालो. मला सलाइनची काळजी होती.

त्यानंतर नऊ दिवसांनी ती गेली. खोटी ठरून गेली, हे माझ्या डोक्यात तेव्हा आलं नव्हतं.

ते आलं गेल्या आठवड्यात. मुलगी म्हणाली, "बाबा, आईच्या नावाने मेल आलाय. शहराच्या भुंगेऱ्यांची यादी छापतायत. महिनाअखेरपर्यंत आपापल्या नोंदी तपासा म्हणतात."

"काढ तो फोटो."

"कशाला उगीच..."

"काढ म्हणतो ना!"

तिने काढला. वाक्य तसंच होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हौशी म्हणे! गुडघे सुजेपर्यंत वाकणारी बाई हौशी, आणि खुर्चीत बसून दोन ओळी खरडणारा परीक्षक. एकदा तरी विचारायचं होतं, बाई, तुम्हाला मोठा का वाटला? लोक कुत्र्याला हाकलतानासुद्धा आधी बघतात.

"मोठं कर," मी म्हणालो.

"भुंगेऱ्याला?"

"सगळ्यालाच कर."

मुलीने फोटो पडदाभर केला. मला भुंगेऱ्यातलं काही कळत नाही. मी बटण बघितलं आणि उठून उभा राहिलो. शर्टाच्या बटणाची कड पातळ असते. याची कड जाड, वाटीसारखी उचललेली. हे कोटाचं. दोन्ही पांढरी, दोन्हींना चार भोकं, पण मी डोळे मिटूनही चिमटीत ओळखतो.

"हे अकराचं नाही! पंधराचं आहे! मग किडा केवढा झाला, सांग."

मुलीने हिशोब केला. "सोळाच्या वर. बाबा, आई बरोबर होती."

"होतीच!"

तिने मेलमधला पत्ता बघितला. शहरातल्या एका कॉलेजचा होता, परीक्षकही तिथलाच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या कॉलेजात गेलो. खिशात दोन बटणं. लांब खोली, कपाटांना काचा, काचांमागे टाचणीला टोचलेले किडे ओळीने. भुंगेराव म्हणजे जेमतेम पस्तिशीचा माणूस, दाढी, डोळे लाल. अंगात पांढरा कोट. कोट माझ्या हातचा नव्हता, खिसा वाकडा होता.

"काका, कुणाला भेटायचंय?"

"परीक्षकाला. ज्याला कुणाचं खरं वाटत नाही त्याला."

मी त्याच्यासमोर मुलीने काढून दिलेला कागदावरचा फोटो ठेवला. त्याने लगेच ओळखला. "हा बटणवालींचा. त्या बरेच दिवसांत दिसल्या नाहीत. बऱ्या आहेत ना?"

"नाहीत. वारली ती. मी तिचा नवरा. तुमचं वाक्य वाचून फोन उपडा ठेवला तिने."

त्याने वाक्य पाहिलं. मान वर केली नाही. "काका, हे मी... दिवसाला तीनशे फोटो येतात. लोक झुरळालाही दुर्मीळ म्हणतात."

"तिने झुरळ पाठवलं होतं?"

"नाही."

"मग तीनशे लोकांचा राग तिच्यावर का?"

मी खिशातली बटणं टेबलावर ठेवली. "हे शर्टाचं, हे कोटाचं. फोटोतलं कुठलं ते सांगा. नसेल कळत तर पट्टी घ्या आणि स्वतःच्या कोटाचं बटण मोजा."

त्याने खरंच मोजलं. मग भिंग घेऊन फोटो पाहिला, कोटाचं बटण बोटात फिरवलं, पुन्हा फोटो पाहिला. बराच वेळ. घाई नव्हती त्याला, एवढं मात्र म्हणेन.

"पंधरा," तो म्हणाला. "काका, ही मोठी जात आहे. शहरातली पहिलीच नोंद." त्याचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला. माझाही झाला असेल. क्षणभर.

मग तो म्हणाला, "पण त्यांनी स्वतःच अकरा लिहिलंय. म्हणजे बटणात त्या चुकल्या."

"ती चुकली नाही."

"मग हे बटण आलं कुठून?"

मी त्याच्या हातातलं कोटाचं बटण परत घेतलं.

गेल्या वर्षी तिचं जुनं बटण टाकीमागे कुठेतरी तुटून पडलं. ती दुकानात आली. समोर दवाखान्याचे साठ कोट उरकायचे होते आणि मी घाईत होतो. तिने तळहात पुढे केला, मी डब्यातून एक काढून ठेवलं, बघितलंसुद्धा नाही. ती तिथेच उभी.

"अहो, अकराचंच ना? जरा मोठं वाटतंय."

"चाळीस वर्षं बटणं लावतोय मी. तू मला शिकवू नकोस."

"तसं नाही हो. बोटांना हल्ली नीट कळत नाही माझ्या, म्हणून विचारलं."

औषधांनी तिच्या बोटांना बधिरपणा आला होता. ते तिने मला आधीही सांगितलं होतं. "अकराचंच आहे," मी म्हणालो, आणि मशीन सुरू केलं.

हे सगळं मी त्या माणसाला सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. त्याने मला पाणी दिलं. मला त्याचा फार राग आला. त्याने आता माझ्यावर ओरडायला हवं होतं आणि तो स्टूल पुढे सरकवत होता.

"एक अडचण आहे," तो म्हणाला. "गेल्या वर्षीपासून बटण हेच, तर तेव्हापासूनचे सगळेच फोटो बदलतात. त्रेचाळीस आहेत. बहुतेकांना फरक पडणार नाही. पण आकारावर ठरलेल्या तीन नोंदी जातील. त्यांचा तो पिवळा ठिपकेवालासुद्धा."

पिवळा ठिपकेवाला मला माहीत होता. पाच मिलिमीटरचा म्हणून दुर्मीळ ठरला होता. तिकडून अभिनंदन आलं तेव्हा तिने शेजारणीला बोलावून फोटो दाखवला होता. माझ्या बटणाने मोजला म्हणून पाचचा. खरा सातचा, बागेत ढिगाने सापडणारा.

"हवं तर फक्त शेवटचा दुरुस्त करू," तो हळू आवाजात म्हणाला. "बाकीचे कोण बघतंय."

"तुम्ही परीक्षक ना?" मी ओरडलो. "मग हे काय बोलता? तिने कधी खोटी नोंद केली नाही. आता तिच्या माघारी तुम्ही करणार? आणि ते वाक्य आधी काढा!"

"काढतो."

"आत्ता. माझ्यासमोर."

त्याने काढलं. मी उभा राहून बघितलं.

घरी येऊन मुलीला म्हणालो, सगळे त्रेचाळीस काढ. परीक्षकाने आकडे बदलायचे, पण आकडा का बदलला ते खाली आपण लिहायचं असं ठरलं होतं. एकेका फोटोखाली मी सांगत गेलो, ती टाइप करत गेली. पिवळ्या ठिपकेवाल्याशी आलो तेव्हा तिने हात उचलले.

"बाबा, याला नको ना. आई किती खूश होती."

"तुझी आई असती तर तुलाही झापलं असतं आणि मलाही. लिही."

"तेच लिहू? बटण चुकून बदललं?"

"चुकून नाही. 'चुकून' सगळीकडून काढून टाक." मी तिला बाजूला सरकवलं आणि एका बोटाने स्वतः टाइप केलं. वेळ लागला.

'बटण पंधराचं आहे. अकराचं म्हणून मी दिलं, तिच्या नवऱ्याने, न बघता. तिने विचारलं होतं.'

मग तेच बाकीच्या बेचाळीस फोटोंखाली टाकलं.