मुळ्याच्या पोराचा किमोनो

ठिपका. डोळ्याचा नुसता एक काळा ठिपका, तिळाएवढा — जरा खाली सरकवला की मुळ्याचं पोर भाबडं दिसायचं, वर नेला की आगाऊ. तामाकी सकाळपासून तोच हलवत बसली होती. थंडीच्या वाऱ्यात मुळे वाळवणाऱ्या गावाने स्वतःची ओळख म्हणून एक चित्रप्राणी मागितला होता. डोक्यावर पाल्याचा तुरा, खाली मुळ्याला फुटतात तसे दोन पाय, अंगात निळा किमोनो, बस्स. सगळा काळ्या शाईने भरून टाकला तरी नुसत्या आकारावरून पोरांनी लांबून ओरडावं, अरे, हा तर आपला मुळोबा! दुपारी गावच्या कचेरीतला माणूस चित्र न्यायला येणार होता. आई गेल्यापासून तामाकीच्या हातून एकही जिवंत चेहरा उतरला नव्हता. हाही फसला तर पेन्सिल कायमची ठेवून द्यायची, असं तिने मनाशी धरलं होतं — कुणाला सांगितलं मात्र नव्हतं.

तिने कागद उलटा करून खिडकीच्या काचेवर धरला. चेहरा तिरका गेला असेल तर मागून चटकन कळतं, ही कुझुमीबाईंची शिकवण. मागून तो गोड दिसला — इतका, की तिने त्याच बाजूने शाईच्या रेघा ओढून घेतल्या... हात कसा भराभर चालला होता!

चित्रशाळा कुझुमीबाईंचीच. त्या चहा घेऊन आल्या, वाकल्या, आणि कप हातातच राहिला.

"अगं, या लेकराला कुठं पोचवायला निघालीस?"

"का? डोळे बिघडले?"

"डोळे झकास आहेत. गळ्याशी बघ."

किमोनोची उजवी बाजू डावीच्या वर आली होती. जिवंत माणसाची डावी वर असते. उजवी वर घेतात ती फक्त मेलेल्याची. कागद उलटला तेव्हा किमोनोही उलटला, आणि तिला दिसलंच नाही — तिला! जिने हिवाळ्यात आईला शेवटचा किमोनो नेसवला होता... हात सवयीने डावी बाजू वर घ्यायला गेले, मावशीने मनगट धरलं, "तशी नको गं, आता उलटी." मी उलटी घेतली, आई. नीट बसवली. आणि तिथेच माझा हात आखडला तो आखडलाच.

"रडतेस काय वेडे? दुसरा काढ. त्या माणसाला मी बसवते चहा पाजत. माझ्या गप्पांतून कुणी लवकर सुटलंय का?"

एवढ्या महिन्यांत या बाईने एकदाही विचारलं नव्हतं, कधी काढणार म्हणून. रोज सकाळी फक्त टोक केलेली पेन्सिल टेबलावर असायची. तामाकीला एकदम भरून आलं. उपकार मानायचे तरी कोणत्या शब्दांनी?

तिने नवा कागद घेतला. तुरा, पाय, डोळे... डावी बाजू वर घेतली, आणि रेघ सरळ आली. पलीकडच्या खोलीत कचेरीतला माणूस खो खो हसत होता.

चुकलेला कागद फाडायला म्हणून तिने उचलला. मुळोबा त्या उलट्या किमोनोतही हसत होता — अगदी मनापासून, काही बिघडलंच नसल्यासारखा. आणि तो तिच्याच हाताने काढलेला होता. तसं हसता येत असेल का, आई? ... त्या उलट्या घडीतही? कागद हातातच राहिला; तिला तो फाडवेना, आणि आईचा चेहरा आठवायची आज भीती वाटत नव्हती.