टोरांटोहून आलेलं माप

मी एक जुनी शिलाई मशीन आहे, मित्रांनो. जुनी म्हटलेलं मला चालतं, भंगार म्हटलेलं चालत नाही. माझ्या अंगावर कुणी चहाचा कप ठेवलेलाही चालत नाही. पण ते पुढे येईलच.

माझा जन्म लुधियान्याचा. काळं अंग, मानेवर सोनेरी वेल आणि खाली बिडाचं भक्कम स्टँड. मालगाडीत हाडं खिळखिळी करून घेत मी उज्जैनला आले आणि फ्रीगंजमध्ये, टावर चौकाजवळच्या एका दुकानात काचेमागे उभी राहिले. माझ्यासारख्या तिथे आणखी पाच होत्या. एके दिवशी एकोणीस वर्षांची एक नवी नवरी आत आली. तिने सहाही जणींची चाकं फिरवून पाहिली, कान लावून ऐकलं आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "ही कामापुरतंच बोलते. हीच द्या."

तीच विजया. शाळा सातवीपर्यंत, जीभ मात्र पदवीधर. तिच्या सासऱ्यांना, भय्यासाहेबांना, मी घरात आलेली मुळीच आवडले नव्हते. त्यांचे पूर्वज संस्थानाच्या दरबारात दप्तर सांभाळायला दक्षिणेतून माळव्यात आलेले. दरबार गेला, पण ताठा माधव नगरच्या घरात मुक्कामाला राहिला. आपल्या घरातल्या बायका लोकांचे कपडे शिवत नाहीत, असं त्यांनी बजावलं. विजया म्हणाली, ठीक आहे, लोकांचे नाही शिवत, देवाला जाणाऱ्यांचे शिवते.

महाकालाच्या गाभाऱ्यात जायचं तर पुरुषाला धोतर हवं आणि बाईला साडी. दूरदूरचे लोक पँट घालून येतात आणि धोतराचं टोक कुठे खोचायचं तेच त्यांना कळत नाही. विजयाने नाडीचं धोतर शिवलं, पायजम्यासारखं चढवायचं आणि गाठ मारायची. मग शिवलेली नऊवारी काढली. देवळाजवळचे दुकानदार तिच्या हातचा माल आधी मागू लागले. शेजारणींचे ब्लाउज ती हौस म्हणून शिवायची. प्रत्येकीचं माप वहीत. माप कधी आठवणीने घ्यायचं नाही, दर वेळी नवं घ्यायचं, हा तिचा नियम होता. ती म्हणायची, बाई खोटं बोलेल, टेप बोलणार नाही.

नवरा, वसंतराव, भला माणूस. तो गेला त्या वर्षी माझ्यावर चादर पडली. चादरीवर औषधांच्या गोळ्या आल्या, मग टीव्हीचा रिमोट आला. दीड वर्ष मी टेबल होऊन राहिले. माझ्या पोटात गंज धरला. मित्रांनो, काम करून झिजण्यात दुखत नाही, नुसतं उभं राहण्यात दुखतं. हे मला ठाऊक आहे आणि विजयालाही. एका सकाळी तिने स्वतःच चादर ओढली आणि विष्णू मिस्त्रीला निरोप धाडला. विष्णूने मला खोलून, रॉकेलने धुऊन, तेल देऊन पुन्हा चालती केली. त्या दिवशी विजयाने एकोणीस धोतरं शिवली.

आता खरी गोष्ट.

विजयाचा मुलगा ओंकार कंप्यूटरच्या कामात आहे. सून शर्वरी इथल्या एका इस्पितळात नर्स. नात ईरा, दहा वर्षांची. गेल्या वर्षी सगळ्यांनी मिळून कॅनडाला जायचं ठरलं. कागद झाले, शिक्के झाले, उरलं ते एवढंच, की कॅनडात कुठे. ओंकारने टोरांटो म्हटलं. तिथल्या एका कंपनीने त्याला बोलावलं होतं आणि त्याचा मित्र अनय तिथे होता. अनय म्हणजे आमच्या शेजारच्या माणिकताईंचा मुलगा. माणिकताई दोन वर्षांपूर्वी त्याच्याकडे राहायला गेलेल्या.

आता विजयाची चूक सांगते. आमच्या बाईला मुलाचा अभिमान फार. कंपनीला होकार जायच्या आतच तिने अर्ध्या माधव नगरात पेढे वाटले. टोरांटो, टोरांटो, असं ती घरोघरी सांगून आली. पेढे वाटल्यावर गावात माघार घेता येत नाही, म्हणून शर्वरी गप्प राहिली. पण त्याच आठवड्यात तिने एक कागद चार घड्या घालून माझ्या खणात बॉबिनखाली सरकवला. खण लावला, पुन्हा उघडला, कागद आणखी आत ढकलला. नर्सचा हात एका कामाला दोनदा लागत नाही, मित्रांनो. सुई घेणारे हात मी ओळखते.

नऊ दिवस तो कागद माझ्या पोटात होता. दहाव्या दिवशी टेप शोधताना तो विजयाच्या हाती लागला. इंग्रजी तिला वाचता येत नाही. पण वरचा दवाखान्याचा शिक्का आणि शर्वरीचं नाव तिने ओळखलं. तिने ईराला मांडीशी घेतलं आणि वाचायला लावलं.

कॅनडातल्याच एका समुद्राकाठच्या लहान गावातून ते पत्र होतं. त्या गावाचं नाव विजयाच्या जिभेवर कधी बसलं नाही, ती "समुद्राकाठचं" एवढंच म्हणते. तिथल्या इस्पितळाने शर्वरीला तिच्या अर्जावरून नर्स म्हणून बोलावलं होतं. परवान्याची परीक्षा होईतो हाताखालचं काम देऊ, परीक्षेची तयारी आम्ही करून घेऊ, महिनाअखेर कळवा, असं लिहिलं होतं. महिनाअखेरीला पाच दिवस होते. कंपनीला कळवायची तारीखही तीच.

"आजी, आई हे का नाही सांगत?" ईराने विचारलं.

"कारण मी पेढे वाटले," विजया म्हणाली आणि कागद होता तसा ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, ओंकारने सगळ्यांसमोर अनयला फोन लावला. चित्र दिसतं तो फोन. लॅपटॉप ठेवला माझ्यावर आणि शेजारी चहाचा कप. त्याचं ओलं वर्तुळ अजून अंगावर आहे. अनय हसत होता, त्याची बायको मधुरा मागून हात हलवत होती, आणि माणिकताई म्हणाल्या की फार छान आहे सगळं, गणपती बसतो, मंडळ आहे, काही कमी नाही. विजयाने मान डोलावली. पण मी तिला पंचेचाळीस वर्षं ओळखते. ती माणिकताईंच्या तोंडाकडे बघत नव्हती. खांद्याकडे बघत होती.

स्थळ बघायला गेल्यावर आपल्याकडे काय करतात? बैठकीत पोहे खाऊन सगळं छानच म्हणतात. मग घरातली एखादी बाई पाणी प्यायच्या निमित्ताने आत जाते आणि खरी चौकशी तिथे होते. विजयाने तेच केलं. सोमवारी संध्याकाळी ओंकार बाहेर, शर्वरी ड्यूटीवर. तिकडे सकाळ, म्हणजे अनय आणि मधुरा कामावर. तिने ईराकडून फोन लावून घेतला आणि तिला खेळायला पिटाळलं.

"माणिकताई, येताना तुमच्यासाठी दोन ब्लाउज शिवून आणते. माप द्या."

"अहो वहिनी, माझं माप आहे की तुमच्या वहीत."

"जुनं चालत नाही. टेप घ्या हातात."

माणिकताईंनी टेप शोधली आणि छातीचं माप सांगितलं. छत्तीस. विजयाने वहीचं पान बघितलं. तिथे चाळीस लिहिलं होतं. तिने पुन्हा घ्यायला लावलं. छत्तीस. टेप आवळू नका, सैल धरा, असं सांगून तिसऱ्यांदा घ्यायला लावलं. छत्तीसच. विजयाने पेन्सिल खाली ठेवली.

"माणिकताई, जेवता का तुम्ही?"

माणिकताईंनी टेप गुंडाळून बाजूला ठेवली. मग त्या म्हणाल्या, "जेवते हो. एकटीने किती जेवणार?"

मग सगळं बाहेर आलं. मधुरा पहाटे निघते, अनय सातला. इथे मधुरा जवळच्या देवास गावी शाळेत गणित शिकवायची, सगळ्या गावात तिचं नाव होतं. तिकडे तीन वर्षं झाली, गोदामात खोकी बंद करते. कोर्स करीन म्हणाली होती, पण घरभाड्यापुढे कोर्स राहून गेला. संध्याकाळी येते ती बोलायचीही ताकद उरत नाही तिला. माणिकताईंची खोली तळघरात. वर एक लांबट खिडकी आहे, तिच्यातून रस्त्यावरच्या लोकांचे पाय दिसतात. "मी बुटांवरून माणसं ओळखते आता," त्या म्हणाल्या आणि हसल्या. "पण वहिनी, हे कुणाला सांगू नका. अनयला वाईट वाटेल. शहर वाईट नाही हो. आम्ही न विचारता आलो."

विजयाने शब्द दिला आणि पाळला. घरात तिने यातलं अक्षर काढलं नाही. मी तुम्हाला सांगते आहे, पण मी मशीन आहे, मला कोण विचारतं?

मंगळवारी जेवणं झाल्यावर ओंकार होकाराचं पत्र पाठवायला बसला. लॅपटॉप पुन्हा माझ्यावर. विजया समोर येऊन उभी राहिली.

"आधी मला सांग. तिथे शर्वरी काय करणार?"

"कोर्स करेल. दोन-तीन वर्षं जातील. तोवर काहीतरी मिळतंच तिथे."

"काहीतरी म्हणजे काय?"

ओंकार पुन्हा लॅपटॉपकडे वळला. विजयाने माझा खण ओढला, बॉबिन बाजूला केल्या आणि पत्र उघडून त्याच्यासमोर ठेवलं. शर्वरी पत्राकडे झेपावली.

"आई, मी ते फाडणारच होते."

"फाडायचं असतं तर इतके दिवस बॉबिनखाली ठेवलं नसतंस."

ओंकारने पत्र वाचलं, पुन्हा वाचलं. मग तो चिडला, आणि चिडणं साहजिकच होतं. तिथे त्याच्या कामाची धड एक कंपनी नाही, असली तरी पगार निम्मा, आणि टोरांटोवाल्यांनी पुन्हा विचारलंच नाही तर? "मी काय करू त्या गावात, आई?"

"तिला करायला सांगत होतास तेच. कोर्स कर. काहीतरी मिळतंच तिथे."

ईरा फिसकन हसली. बाकी कुणी हसलं नाही. ओंकार उठून फाटकापाशी जाऊन उभा राहिला. इकडे शर्वरी सासूकडे बघत होती आणि सासू माझ्या चाकावरची धूळ पुसत होती. धूळ नव्हतीच. बऱ्याच वेळाने तो परत आला. आईला वळसा घालून बायकोसमोर बसला.

"तुला जायचंय तिथे?"

"मला नर्स राहायचंय, ओंकार. कुठेही." मग ती हळू म्हणाली, "तुझं काम थांबलं तर वर्षभर मी ओढेन. तू मला ओढणारच होतास ना?"

त्याने लॅपटॉप मिटला. मग म्हणाला, "गावात काय सांगायचं? सगळ्यांना टोरांटो माहीत झालंय."

"ते मी वाटलंय, मीच परत घेईन," विजया म्हणाली. "पण थांब. हो म्हणायच्या आधी चौकशी."

तिने शर्वरीकडून इस्पितळाला लिहून घेतलं. घर मिळेल ते कामापासून किती लांब? शाळा चालत जाण्यासारखी आहे का? बर्फ पडला तर भाजी कुठून आणतात? आणि घराच्या खिडकीतून काय दिसतं? शेवटच्या प्रश्नाला शर्वरी संकोचली. हे कसं विचारायचं, आई? विजया म्हणाली, लिही. का, ते तिने सांगितलं नाही.

दोन दिवसांनी उत्तर आलं. इस्पितळापासून दहा मिनिटं, शाळा त्याच रस्त्यावर. आणि कुणीतरी भल्या बाईने त्या घरात जाऊन खिडकीतून फोटो काढून पाठवला होता. फोटोत शाळेचं लाल फाटक होतं, मागे पाण्याची निळी पट्टी, आणि रस्त्यावरून चालणारी दोन माणसं. विजयाने फोटो जवळ धरून पाहिला. माणसं डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण दिसत होती.

"आता हो म्हणा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती पेढ्यांच्याच वाटेने घरोघर गेली. मान ताठ होती, पण परत आली तेव्हा पायडलवर पाय जरा जास्त जोरात पडत होता. एकीने विचारलं होतं म्हणे, लहान गाव का, ओंकारला मोठ्या शहरात जमलं नाही का? विजयाने तिला सांगितलं, "तिकडे एकाला काम होतं. इकडे दोघांचा विचार आहे." मग पुढच्या घरी गेली.

राहिली मी. विमानात माणशी तेवीस किलो सामान, त्यात मशीन कशाला, तिथे नवी मिळते, असं ओंकार म्हणाला. विजया म्हणाली, "मी तिथे टीव्ही बघायला येत नाही." तिने विष्णू मिस्त्रीला बोलावलं. त्याने मला स्टँडवरून सोडवलं आणि काट्यावर ठेवलं. बारा किलो. "काकी, पैर तो यहीं छोड़ने पड़ेंगे," तो म्हणाला. पायडल जाणार म्हणून त्याने माझ्या चाकाला हाताने फिरवायचा दांडा बसवला. नवाच, चकचकीत. मला जरा लाजच वाटली. स्टँड विष्णूच्या दुकानात राहील, कुठल्यातरी बिनपायाच्या मशीनला उपयोगी पडेल.

म्हणजे मीही सगळं घेऊन जात नाहीये, मित्रांनो. पण हात शाबूत आहेत. उद्या विजया मला एका नऊवारीत गुंडाळून बॅगेत ठेवेल. तिने पहिलं काम ठरवून ठेवलं आहे. माणिकताईंना टपालाने धाडायला छत्तीसचे दोन ब्लाउज शिवायचे, आणि आत चार इंचांचं कापड दुमडून ठेवायचं, पुढे उसवून सैल करता येईल असं.

तुम्ही आमची काळजी घ्या एवढंच मागते. आठवड्यातून एकदा तेल द्या, अंगावर कप ठेवू नका. आणि घर हलवायचं ठरवाल तेव्हा एकदा मशीनचा खण उघडून पाहा. घरात जिने अजून तोंड उघडलेलं नाही, तिला आधी विचारा. माप जुनं वापरू नका.