चार्जर वेगळा

जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण त्या सकाळी खटावकरांच्या दारी आली, तेव्हा तिच्या पाटीत एकही भांडं नव्हतं. सगळे लॅपटॉप होते. ताटं रचतात तसे एकावर एक रचलेले. हेमलता खटावकरला त्यात काही वावगं वाटलं नाही. तिला लॅपटॉप हवाच होता.

हवाच म्हणजे अगदी नड होती हो. हेमलता घरी चटण्या करायची, जवसाची, कारळ्याची, लसणाची, आणि करायची अशी की खाणाऱ्याने बोटं चाटत बसावं. पुण्याच्या एका दुकानाने कायमचा माल घ्यायचं कबूल केलं होतं, पण बिलं कॉम्प्युटरवरची पाहिजेत, तीही सोमवारपासून. शिवाय मुलगी जुई अकरावीला, तिचा अभ्यासही त्यावरच व्हायचा. घराला आणि धंद्याला मिळून एकच, दणकट आणि झेपेल असा. कराडातली सगळी दुकानं पालथी घालून हेमलता हात हलवत परत आली होती.

"बस गं बाई," ती म्हणाली. "पाणी घे आणि दाखव."

बोहारणीने उंबऱ्याशी पाटी उतरवली. हेमलताने पहिला लॅपटॉप उचलला आणि पातेलं वाजवून बघतात तसा बोटाच्या पेराने वाजवला. आवाज बद्द आला.

"मेला दिसायला नटवा आहे, पण बिजागरी बघ किती लेचीपेची. वर्षभरात मान टाकेल." दुसरा तिने उघडून लगेच मिटला. "हा गेम खेळणाऱ्या पोरांचा. मला काय चटणी विकताना लढाया करायच्यात?"

तिचा नवरा दिनकर आत सोफ्यावर बसला होता. पेपरातून डोकं वर न काढता तो म्हणाला, "अगं, आठ जीबीच्या खाली रॅम घेऊ नकोस. आणि एसएसडी आहे का बघ, नाहीतर चालू होईपर्यंत माझा चहा पिऊन होतो."

तळाशी एक करडा, जाडसर लॅपटॉप होता. बिजागरी घट्ट, बटणं मोठी, चटणीचा हात लागला तरी पुसून निघतील अशी. बॅटरी दुपारभर टिकणारी आणि दुरुस्तीवाला गावातच, एसटी स्टँडच्या मागे. वाजवला तर काशाच्या वाटीसारखा घुमला.

"हा," हेमलता म्हणाली.

"ह्याला जरीची दोन लुगडी पडतील, वैनी."

आता घासाघिशीत हेमलताचा हात धरणारं कोणी नव्हतं. तिची रीत ठरलेली. 'राहू दे मग' म्हणायचं, दार लावायचं आणि आतून कान लावून उभं राहायचं. बोहारीण उतरायला लागते आणि जिन्याच्या वळणावर पोचली की हाक मारते. खटावकर पहिल्या मजल्यावर राहायचे, जिन्याला वळण एकच. जुईला तिने हे फ्रॉक घालायच्या वयातच शिकवून ठेवलं होतं.

"राहू दे मग," म्हणून तिने दार लावलं.

"ओ वैनी!" वळणावरून हाक आली. "एक लुगडं द्या, पर चांगलं द्या."

हेमलताने सासूबाईंची इरकल काढून दिली. बोहारणीने ती उजेडात धरून पाहिली, नीट घडी घातली आणि गाठोड्यात ठेवली. भिंतीवरच्या फोटोतून सासूबाई गेल्या. मागे खुर्ची राहिली आणि हार.

"आई गेली वाटतं," दिनकर म्हणाला.

"इरकल दिली," हेमलता म्हणाली.

"आन् एक कोट-पँट," बोहारीण म्हणाली. बोहारीणच ती, एकावर एक मागितल्याशिवाय राहील कशी?

"माझा लग्नातला दे. तो आता पोटावर बसत नाही," दिनकर म्हणाला. बोहारणीने कोटाच्या बाह्या आत घेतल्या तेव्हा सोफ्यावर दिनकरचे हात आत गेले. मग तो कमरेत दुमडला, मग पुन्हा एकदा, आणि इस्त्रीच्या शर्टाएवढा झाला. बोहारणीने त्याला इरकलीवर ठेवलं. चष्मा सोफ्यावर राहिला.

"अगं, वॉरंटी विचारलीस का?" गाठोड्यातून आवाज आला.

हेमलताने गाठोड्याला हात घातला. "ह्यांना परत दे."

"दिल्यालं परत न्हाई मिळत, वैनी. बदल्यात काय घालता ते बोला." तिने करडा लॅपटॉप हेमलताच्या हातात ठेवला. तो उघडल्याबरोबर सुरू झाला. कोपऱ्यातली बॅटरीची खूण लाल होती.

"चार्जर?"

"चार्जर वेगळा."

तेवढ्यात जुई आतून तिचा बालवाडीतला लाल स्वेटर घेऊन आली. "आई, हा देऊ? नाहीतरी पडूनच आहे."

"खबरदार! आधी आत ठेव तो," हेमलता किंचाळली. नवऱ्याला भांडून परत आणता आलं असतं. पोरीच्या बाबतीत तिला घासाघीसच करायची नव्हती. तिने लॅपटॉप जुईकडे दिला, कपाटातून स्वतःचा लग्नातला हिरवा शालू काढला आणि बोहारणीपुढे टाकला.

बोहारणीने चार्जर जुईच्या हातात दिला. मग शालूची घडी घालायला घेतली. हेमलता पावलांपासून दुमडत गेली. दुखलं काहीच नाही, नुसतं ऊन ऊन लागलं. गाठोड्यात डांबरगोळ्यांचा वास होता आणि शेजारी दिनकर होता.

"जुई, चार्जिंग होतंय का?" तिने आतून विचारलं.

"होतंय. आई, तुम्ही बाहेर या ना." जुईचा आवाज रडवेला झाला होता.

"बोहारणीला विचार, गाठोड्याचं काय घेणार."

"तो लाल स्वेटर आन् लॅपटॉप," बोहारीण म्हणाली.

"देऊ का, आई? देते मी."

"खुळी का काय! स्वेटरला हात लावायचा नाही. थांबलं की भाव उतरतो. राहू दे म्हण आणि दार लाव. वळणावर हाक मारते ती."

जुईने नाक ओढलं. मग म्हणाली, "राहू दे मग." अगदी हेमलताच्या सुरात. दार लागलं, आतून कडी पडली. पोर तयार झाली, असं वाटून हेमलताला भरून आलं.

बोहारणीने पाटी डोक्यावर घेतली, गाठोडं खांद्याला अडकवलं आणि ती उतरू लागली.

"मारेल ना हाक?" दिनकरने विचारलं.

"मारतेच. वर जुई कान लावून उभी असेल."

वळण आलं, गाठोडं भिंतीला घासलं. बोहारणीच्या चपला खाली वाजत राहिल्या.

"आता मारेल," हेमलता म्हणाली.

मग दुसरं वळण आलं.