खड्ड्यातले नळ

"साहेब, नळ जमिनीखाली नेला तर जास्त पाणी येतं का हो?"

चौऱ्याहत्तर साली गावात नळ आले, तेव्हा सांगलीचे इंजिनिअर आमच्या शाळेत बोलायला आले होते. "विचारून दाखव, मग मानलं!" असं मैत्रिणींनी डिवचलं, म्हणून मी ताठ उभी राहिले.

"टाकीपेक्षा तोटी जितकी खाली, तितका दाब जास्त," साहेब म्हणाले. "हुशार आहेस."

माझे पाय जमिनीला लागेनात! घरी येऊन आबांच्या मागेच लागले. आबा म्हणजे माझे वडील, फौजेतून परतलेले, आता नगरपालिकेत व्हॉल्व्ह सोडायच्या कामावर. रविवारी त्यांनी दोन फूट खणून तोटी खाली घेतली. घागर हां हां म्हणता भरली. व्हॉल्व्हवाल्यानंच खणलंय म्हटल्यावर आठवड्यात सगळ्या गल्लीनं खणलं.

गल्लीच्या टोकाला, चढावर दिलशादचं घर. ती माझ्याच बाकावरची. तिची तोटी नुसती फुसफुसायला लागली.

"तुमी पन खणा की," मी म्हटलं.

"खाली कातळ हाय गं. अब्बांची पहार वाकली."

"मग कातळालाच पाणी माग!"

सगळ्या पोरी फिदीफिदी हसल्या. सगळ्यांत मोठ्यानं मी.

दिलशाद मळ्यातल्या विहिरीवरून पाणी आणू लागली. आधी पहिला तास बुडाला, मग दुपार, मग महिनाभर शाळाच. एक दिवस बाईंनी हजेरीतल्या तिच्या नावावर लाल रेघ मारली. शाळा सुटल्यावर मी धावत गेले, तर ती डोक्यावर दोन घागरी घेऊन चढ चढत होती.

"माझी भूगोलाची वही ने," ती म्हणाली. "मला आता काय करायची?"

रागावली असती तर बरं झालं असतं.

घरी आबा जेवत होते.

"आबा, आपला खड्डा बुजवा."

"बुजवतो. पर ते पाणी शेजारच्या जोतीरामाच्या खड्ड्यात जाईल, दिलशादकडं न्हाई. समदी गल्ली बुजवंल तवाच वर चढंल. कोण बुजवतंय?"

"नगरपालिका दंड लावून बुजवंल."

आई ओरडली, "आन आबांची नोकरी? पयला खड्डा त्यांचाच हाय, येडे!"

ते मला वाटेतच सुचलं होतं. तरी घरी येता येता मी दारोदार हिंडून खड्डे मोजले होते.

"एकवीस खड्ड्यांची यादी केलीया मी. उद्या शाळेआधी नगरपालिकेत नेऊन देणार. आबा, तुमचं नाव समद्यांत वर लिवलंय."